माळ्यावरची विळी

सकाळचे ऊन आमच्या स्वयंपाकघरात थेट कधीच येत नसे. ते आधी समोरच्या धर्मशाळेच्या चुना फासलेल्या भिंतीवर पडे, तिथे थोडा वेळ रेंगाळे, आणि आपले निम्मे तेज तिथेच ठेवून आमच्या गजांच्या खिडकीतून आत येई. त्यामुळे ते पिवळे नसे. पातळ ताकासारखे पांढुरके असे. आधी ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर त्याचा एक फिकट पट्टा उमटे. मग तो पट्टा तांब्याच्या पिंपावर चढे, पिंपाच्या पोटावर क्षणभर केशरी होई, आणि तिथून उतरून शहाबादी फरशीवर गजांच्या सावल्या मांडी. त्या सावल्या इतक्या सावकाश सरकत की त्या सरकताना मी कधी पाहिल्या नाहीत. दुसरीकडे पाहून पुन्हा नजर वळवावी, तर त्या पुढे गेलेल्या असत. लहानपणी, रविवारी, पाठांतराच्या वर्गाहून मी परत येई तेव्हा या उजेडात उदाचा निळसर धूर तरंगत असे आणि त्या धुरामुळे ऊन हाताने धरता येईल असे घट्ट दिसे. आई गेली आणि तो धूर थांबला. ऊन मात्र येतच राहिले. फरशी ओलांडून ते ओट्याखालच्या अंधाराच्या काठापर्यंत जाई आणि तिथे थांबे.

त्या शनिवारी ते तिथवर पोचले तेव्हा आत दोन डोळे चमकले आणि लगेच मिटले.

"खाल्लं का काही?" अण्णांनी विचारले. अण्णा म्हणजे माझे वडील. नुकतेच स्नान झालेले, अंगावर सोवळ्याची धाबळी, हातात पितळी वाटी.

"नाही."

"कालचं काढून टाकलंस?"

"कालचं, परवाचं, रोजचंच काढून टाकतोय."

त्यांनी वाटीत ताजा दूधभात कालवला. शिते एकेक करून बोटांनी चुरली, दूध पुन्हा थोडे ओतले, पुन्हा चुरली. मग खाली बसून वाटी ओट्याखाली सरकवली आणि आत न बघता म्हणाले, "घे गं बाई. कोमट आहे."

"ती दूधभात खाणार नाही, अण्णा."

"मांजरं खातात दूधभात."

"गोष्टीतली खातात."

"बरं, मग आपल्याकडे दुसरं काय आहे?"

ते उत्तराची वाट न पाहता उठले, खांद्यावर उपरणे टाकले आणि देवळात निघून गेले. त्या वाटीकडे बघत मी हातातले फडके पिळत राहिलो. मी अबोल माणूस आहे. माझा राग तोंडातून बाहेर पडत नाही, तो बोटांत उतरतो. मला राग त्या दूधभाताचा नव्हता. 'दुसरं काय आहे' असे म्हणण्यात जी निश्चिंती होती, तिचा होता. ती मी जन्मभर पाहिली होती. तिच्याच छायेत माझी आई आयुष्यभर जेवली होती.

मिरजेतल्या ज्या इमारतीत आम्ही राहत होतो ती देवस्थानच्या मालकीची होती, आणि देवाच्या नैवेद्याचे स्वयंपाकघर अण्णांकडे होते. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. देवाआधी जिभेला लावायचे नाही, म्हणून अण्णा मीठ हाताने जोखत, फोडणी कानाने ऐकत आणि पदार्थ झाला की नाही हे वाफेवरून ओळखत. त्यांच्या हाताला अख्ख्या पेठेत मान होता. इमारतीत कांदासुद्धा चातुर्मासात कुणी उघड चिरत नसे. तळमजल्यावरच्या एका बिऱ्हाडाच्या केरात अंड्याची टरफले सापडली तेव्हा महिन्याच्या आत त्यांना जागा सोडावी लागली होती. त्यांचे सामान टेम्पोत चढताना आम्ही सगळे गॅलरीतून बघत होतो, आणि आई आत निघून गेली होती.

आई वेंगुर्ल्याची, मासळीच्या घरातली. ती लग्न होऊन आली तेव्हाची एक गोष्ट शेजारच्या दामलेकाकू हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला सांगत. "माहेराहून नवीकोरी विळी आणली होती हो हिनं, मासे चिरायची. पण काय मनाचा निग्रह! उंबरा ओलांडला त्याच दिवशी विळी माळ्यावर टाकली. पुन्हा नाव म्हणून काढलं नाही." आई तेव्हा खाली मान घालून हसे. मला ते हसू सोसत नसे. त्या कौतुकात एका बाईची भूक कायमची गाडून तिच्यावर तुळस लावली आहे, असे मला वाटे, आणि ती तुळस लावणारा माणूस माझ्यासमोर रोज शांतपणे जेवत असे.

शेवटच्या आजारात, रुग्णालयात, ग्लानीत, ती एकदा म्हणाली होती, "बांगड्याचं तिखलं." माहेरच्या मासळीच्या कालवणाचे नाव, एवढेच शब्द. मी धावत घरी जाऊन अण्णांना सांगितले. ते पेज गाळत होते. "बरं," ते म्हणाले, आणि पेज गाळत राहिले. पुढे आई गेली. त्या 'बरं'पाशी माझे आणि त्यांचे बोलणे जवळजवळ संपले.

मांजरी मी आणली ती त्यानंतर. उरलेली औषधे परत करायला रुग्णालयात गेलो होतो. आईच्या वॉर्डातल्या परिचारिका एस्तेरबाई साळवे मला मागच्या आवारातल्या त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. रस्त्यावरची जखमी मांजरे त्या उचलून आणत, बरी करत आणि घरे शोधून देत. एका पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, पोत्याच्या घडीमागे, ही बसली होती. पांढऱ्या अंगावर अबोलीच्या रंगाचे ठिगळ, आणि डाव्या कानाचे टोक छाटलेले.

"कान बघून नाक मुरडू नका," एस्तेरबाई म्हणाल्या. "ऑपरेशन झाल्याची खूण आहे ती. बाकी मुलगी गुणाची. लाजाळू मात्र भलती. माणूस दिसलं की भिंतीत शिरायला बघते."

"मीही तसाच आहे," मी म्हणालो.

"ते दिसतंच आहे! आईच्या खाटेपाशी इतके दिवस होतात, तुमचा आवाज आज ऐकतेय."

पण मांजर हाती देण्याआधी त्या घर बघायला आल्या. पहिल्यांदाच आमच्या घरी कुणी मुलीकडचे माणूस येत असावे, तसा मी चहाचे कप पुसत होतो. त्यांनी खिडक्यांचे गज हलवून पाहिले, गॅलरीची उंची पाहिली, आणि मग बसत म्हणाल्या, "हुंडा नको, पण छळही नको. एक सांगा, हिला मासळी लागते. घरात चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो.

अण्णा दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, एस्तेरबाईंकडे पाहिले, आणि चहात साखर किती विचारले. त्या गेल्यावर मात्र म्हणाले, "चालेल म्हणालास."

"मग काय म्हणायचं होतं?"

"जागा देवस्थानची आहे, रंगा. दूधभात खाईल ती. होईल सवय."

होईल सवय. हे दोन शब्द मी त्यांना कधी माफ करणार नाही, असे मी त्या दिवशी ठरवले होते. मांजरीचे नाव मी अबोली ठेवले. अण्णा तिला 'बाई' म्हणत. ती ओट्याखाली शिरली ती शिरलीच. आमची पावले वाजली की आणखी आत सरके. दूधभात तिने हुंगलासुद्धा नाही.

त्या शनिवारी दुपारी मी छापखान्यातून, जिथे मी मुद्रिते तपासत असे, लवकर निघालो आणि आयुष्यात पहिल्यांदा मासळी बाजारात गेलो. ओल्या फरशीवर उभा राहिलो. समोरच्या बाईने बांगड्यांवर पाणी मारले आणि माझ्याकडे पाहिले.

"काय देऊ, दादा?"

नाकाला रुमाल लावला होता, तो मी आणखी घट्ट दाबला.

"आधी नाक सोडा, मग मासळी मागा!" ती म्हणाली, आणि शेजारच्या सगळ्या जणी हसल्या. "घरी बायकोनं पाठवलंय होय? तिला म्हणावं, तूच ये!"

मी परतलो. वाटेत एका दुकानातून मांजराच्या कोरड्या खाऊची पिशवी घेतली, तिलाही अबोली शिवली नाही. बाजारातून रिकाम्या हाताने परतलो त्याचा दोषही मी अण्णांच्याच खात्यावर टाकला. माझी जीभ, माझे नाक, माझी किळस, हे सगळे त्यांनी घडवले होते.

संध्याकाळी एस्तेरबाई आल्या. गुडघ्यांवर बसून त्यांनी ओट्याखाली हात घातला आणि अबोलीला मानेपाशी धरून बाहेर ओढले. ती ओरडलीसुद्धा नाही. त्यांनी तिचा ओठ उचलून हिरडी पाहिली, पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी परत बसायला वेळ लागला.

"काय देताय हिला?"

मी वाटीकडे पाहिले. त्यांनीही पाहिले.

"दूधभात! अहो रंगराव, ही मांजर आहे का मुंजा मुलगा?" त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थट्टा नव्हती. "मांजर उपाशी राहिलं ना, की त्याचं यकृत जातं. मग तुम्ही समोर समुद्र आणून ओतलात तरी उपयोग नाही. मला चालेल म्हणाला होतात."

"हो."

"उद्या संध्याकाळी येते. खाल्लं असेल तर ठीक. नाहीतर घेऊन जाते, आणि जगेलच असं सांगत नाही."

अण्णा देवळातून आले तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले. म्हणजे माझ्या परीने सांगितले: उभ्या उभ्या, भिंतीकडे बघत. "ती मरेल. तुमच्या देवस्थानच्या जागेत ती मरेल."

त्यांनी उपरणे खुंटीला लावले.

"उद्या रविवार ना?" त्यांनी विचारले.

"त्याचा काय संबंध?"

"बघू," ते म्हणाले.

'बरं'चाच हा सख्खा भाऊ. मी न जेवता झोपलो.

रविवारी अण्णांची सुटी असे. नैवेद्य दुसरे आचारी करत. मला जाग आली ती एका वासाने. तो काल बाजारात आला होता तोच वास, पण आता तो आमच्या घरात होता, आणि म्हणून आधी मला तो स्वप्नातला वाटला. मी स्वयंपाकघराच्या दाराशी आलो.

खिडकीची दारे ओढून घेतलेली होती. फटीतून उजेडाची एक उभी रेघ तेवढी फरशीवर पडली होती. त्या रेघेच्या बाजूला, वर्तमानपत्रावर, अण्णा विळी घेऊन बसले होते. ती आमची रोजची विळी नव्हती. रोजची ओट्याच्या कोपऱ्यात उभी होती. माळ्याची शिडी भिंतीला टेकलेली होती, आणि शेजारी जुन्या लुगड्याचे एक फडके उलगडून पडले होते. अण्णांच्या हातात बांगडा होता.

नैवेद्य रांधणारे ते हात. त्यांनी मासा पात्यावर शेपटीकडून डोक्याकडे उलटा घासून खवले काढले, पंख छाटले, कल्ल्यांत बोट घालून एका ओढीत आतडे बाहेर आणले, पाण्यात बुडवले, आणि आडवे तुकडे केले. कुठे अडले नाहीत, कुठे थांबले नाहीत. शेगडीवर पाणी उकळत होते. तुकडे त्यात सोडले, झाकण ठेवले, आणि वाफ कडेने बाहेर येऊ लागली तेव्हा मान किंचित वळवून ती ऐकली. मग झाकण काढले. चाखले नाही.

"मीठ घालायचं नसतं मांजराला," ते मागे न बघता म्हणाले. मी दारात उभा आहे हे त्यांना ठाऊक होते.

त्यांनी एक तुकडा ताटलीत काढला, काटे बोटांनी चाचपून वेगळे केले आणि उरलेला लगदा तळहातावर घेतला. हात फरशीवर टेकवला. आणि मग ते भिंतीकडे तोंड करून स्वस्थ बसले, जणू तो हात त्यांचा नव्हेच.

ओट्याखालून आधी छाटलेला कान आला. मग नाक. अबोली पोटावर सरपटत, उजेडाच्या रेघेपाशी थबकत, ती ओलांडत आली, आणि माझ्या वडिलांच्या तळहातावरचे खाऊ लागली. तिच्या गळ्यातून एक घोगरा आवाज येत होता. ती खात होती आणि गुरगुरत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. ज्यासाठी रडकुंडीला आलो होतो ते घडत होते. पण मी दाराची चौकट घट्ट धरली.

"हे जमतं तर तुम्हाला," मी म्हणालो.

अण्णांनी हात हलवला नाही. "हळू बोल. बाई घाबरते."

"घाबरू दे. मांजरासाठी जमलं. मांजरासाठी बाजारात गेलात, मांजरासाठी विळी काढलीत. आणि तिच्यासाठी? सगळा जन्म तिनं तुमचा दूधभात खाल्ला. होईल सवय, होईल सवय! तिला कधी एकदा तरी दिलंत?"

"एकदा?" अण्णा म्हणाले.

नुसता तो शब्द त्यांनी परत केला, दुकानदाराने खोटे नाणे परत करावे तसा. अबोली खायची थांबली होती. त्यांनी दुसऱ्या हाताने आणखी थोडा लगदा तळहातावर ठेवला, आणि ती पुन्हा वाकली.

"शेवटी तिनं मागितलं होतं," मी म्हणालो. "मी येऊन सांगितलं तुम्हाला."

"सांगितलंस."

"आणि तुम्ही पेज गाळत बसलात."

"त्यानंतरच्या रविवारी केलं होतं. तू इंजेक्शन आणायला सांगलीला गेला होतास. कोकम मिळालं नाही, चिंच घातली. डब्यातून रुग्णालयात नेलं. तिनं वास घेतला. घास काही गेला नाही."

"खोटं."

"बरं."

"ती आता सांगायला येणार नाही, म्हणून काहीही बोलाल? आणि मग मला कसं नाही कळलं? मी याच घरात वाढलो ना?"

"तू पाठांतराला जायचास ना रविवारी."

"म्हणजे?"

अण्णांनी तळहात पाण्यात बुडवला. उत्तर देताना ते माझ्याशी नव्हे, त्या भांड्यातल्या पाण्याशी बोलत होते. "लहान होतास. कुणी जिन्यात अडवून विचारलं असतं, तर तुला खोटं बोलावं लागलं असतं. तिला ते नको होतं. म्हणायची, आपलं आपण बघू, पोराला यात ओढू नका. पुढं तू मोठा झालास. तोवर आम्हालाच तसं राहायची सवय होऊन गेली."

"तुमच्या तोंडी सवय हा शब्द नको मला!" मी ओरडलो. माझा आवाज त्या घरात एवढा मोठा कधी झाला नव्हता. अबोली उडाली, ताटली उलटली, आणि क्षणात ओट्याखालचा अंधार पुन्हा पहिल्यासारखा रिकामा दिसू लागला.

अण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत राग असता तर मला बरे वाटले असते. ते उठले, फळीवरून धुपाटणे काढले, करवंटीचे तुकडे पेटवले, निखारे झाल्यावर त्यांवर उदाची चिमूट टाकली. निळा धूर वर चढला. मग त्यांनी खिडकीची दारे उघडली, आणि धर्मशाळेच्या भिंतीवरून परतलेले ते पांढुरके ऊन आत आले आणि धुरात अडकून उभे राहिले.

दाराची कडी वाजली.

"मी आंघोळीला जातो," अण्णा हलकेच म्हणाले. त्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून ओट्याखाली सारली. "विळी धुऊन ठेव."

दारात दामलेकाकू होत्या, हातात फुलांची परडी. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिले आणि नाक उचलले.

"काय रे श्रीरंग, कसलातरी वास येतोय का?"

तळमजल्यावरून टेम्पोत चढणारे सामान मला दिसले. अण्णांचा नैवेद्याचा हात दिसला. ओट्याखालचे मांजर दिसले.

"ऊद लावलाय, काकू," मी म्हणालो.

"तरीच!" त्यांचा चेहरा उजळला. "मी म्हटलं, ओळखीचा वास आहे. तुझी आई होती तेव्हा दर रविवारी यायचा बघ, चुकायचा नाही. ती गेली आणि अण्णांनी ऊद लावायचाच सोडला. चांगलं झालं हो, पुन्हा लावला. घरात बाई नसली तरी घराचं घरपण राखावं माणसानं."

त्या गेल्या. मी दार लावून तिथेच उभा राहिलो. काकूंनी काय सांगितले ते मला ऐकू आले होते, पण मी ते आत येऊ दिले नाही. राग हा एक भरभक्कम दरवाजा असतो. मी त्याला पाठ लावून उभा होतो. अण्णांनी गोष्ट रचली आहे, मी स्वतःला बजावले. ऊद तर सगळेच लावतात. मासा चिरणे मांजराच्या आणीबाणीत कुणालाही सुचेल. न्हाणीघरात तांब्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी एस्तेरबाई आल्या तेव्हा अण्णा भिंतीला टेकून बसले होते, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर, पण उघड्यावर, अबोली पंजा चाटत होती. मला पाहून ती उठली आणि पिंपामागे गेली.

"कुणी भरवलं?" एस्तेरबाईंनी विचारले.

"अण्णांनी."

"हात सरावाचा दिसतो हो तुमचा," त्या अण्णांना म्हणाल्या. "लाजऱ्या जिवाकडे न बघता त्याला भरवायचं, हे मला शिकायला वर्षं लागली."

"आमच्या घरात होतं एक तसं माणूस," अण्णा म्हणाले.

मांजरी राहिली. मी राहिलो नाही. पुढच्याच वर्षी पुण्याला नोकरी पत्करली आणि सणावाराचा पाहुणा झालो. दर वेळी अबोली मला पाहून लपे. अण्णा तिला हाक मारीत, ती त्यांच्या मांडीमागे येऊन बसे आणि तिथून माझ्याकडे बघे. रविवारचा ऊद पुन्हा सुरू झाला होता. मी गेलो की तो धूर टाळून गॅलरीत उभा राहत असे.

इतकी वर्षे मी ही हकीगत लोकांना सांगत आलो. मित्रांना सांगितली, जिच्याशी लग्न केले तिला सांगितली. माझ्या वडिलांनी जे एका मांजराला दिले ते माझ्या आईला कधी दिले नाही, असा तिचा शेवट असे. आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो राग उमटे तो मला माझ्या रागाची पावती वाटे. अण्णांच्या ओठांवर तक्रार कधी आली नाही. गेल्या थंडीत ते गेले. म्हाताऱ्या अबोलीने त्यांच्या रिकाम्या पाटाशी तीन दिवस अन्न घेतले नाही. मग मी खिडकीची दारे ओढून घेतली, बांगडा उकडला, काटे काढले, आणि भिंतीकडे तोंड करून तळहात फरशीवर टेकवला. ती फार उशिराने आली.

हकीगत सांगताना मी एक गोष्ट नेहमी गाळत असे. त्या रविवारी काकू गेल्यावर मी स्वयंपाकघरात परतलो होतो आणि अण्णांनी सांगितल्याप्रमाणे विळी धुतली होती. आईने वेंगुर्ल्याहून नवीकोरी आणलेली आणि त्याच दिवशी माळ्यावर गेलेली ती विळी मी नळाखाली धरली, राखेने घासली आणि खिडकीतल्या त्या पांढुरक्या उजेडात फिरवून पाहिली. तिच्या पाटाची कड पायाच्या दाबाने गुळगुळीत झाली होती. पात्याचा मधला भाग दगडावर घासून घासून आत गेला होता. टोकाशी पाते जेवढे रुंद होते त्याच्या निम्मेही तिथे उरले नव्हते. मी ती पुसली, लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली आणि शिडीवर चढून माळ्यावर ठेवली.

विळी झिजलेली होती.